तीनदा ओढलेलं कुलूप

बुद्धभूषण वासनिक घराचं कुलूप लावलं की तीनदा ओढून बघायचा. दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये त्यावरून त्याची यथेच्छ थट्टा व्हायची, पण पठ्ठ्याला ढिम्म फरक पडत नसे.

गुरुग्रामच्या ऑफिसातही तोच खाक्या. त्या दिवशी सकाळी त्यानं एका दवाखान्याचा नवा वेब सर्व्हर कंटेनरमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरच्या बंद डब्यात, भरून दूरच्या मशीनवर चढवला. चाचणीसाठी खोटी नावं कोण शोधत बसणार? त्यानं आपल्या आईचंच नाव, पत्ता आणि शुगरच्या गोळ्या डेटाबेसमध्ये भरून टाकल्या. मग फायरवॉल लावून बाहेरच्यांना सगळी दारं बंद केली, तीनदा तपासली आणि निवांत डबा खाल्ला.

हात धुऊन आल्यावर त्यानं सहज आल्यागेल्याची नोंद ठेवणारा लॉग उघडला. तासाभरापूर्वी कुणीतरी डेटाबेसमध्ये शिरून गेलं होतं, तेही दिल्लीतूनच.

फायरवॉल जागच्या जागी होती. पण कंटेनरला पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायची वाट, उघडायला सांगितलं की तो फायरवॉलला न जुमानता स्वतःचं वेगळं दार काढून घेतो, आणि सकाळी चाचणीच्या घाईत ते सांगणारा तोच होता.

आत एकच नोंद होती, आईची. आलेल्यानं ती सात वेळा उघडली होती.

त्यानं घरी बायकोला, श्रावस्तीला, फोन लावला.

"अहो, बरं झालं फोन केलात. दवाखान्यातून माणूस आलाय, आईंचं रक्त घ्यायला. गोळ्यांची नावंसुद्धा पाठ आहेत त्याला."

"दार उघडू नकोस!"

"अहो, तो तर आत आईंपाशी बसलाय."