टांझानियाला न गेलेल्या नंदावहिनी

"काय गो हवा, जेवलीस का?" नंदावहिनी मोबाइलवर हे इतक्या मोठ्यानं विचारायच्या, की त्यांची मैत्रीण हवा टांझानियात नसून समोरच्या डोंगरावर गुरं चारते आहे असं वाटावं. पलीकडून हवा स्वाहिलीत भडाभडा काहीतरी बोलायची. वहिनी मान डोलवत "व्हय गो, माजं पन तसंच" म्हणायच्या. फोन ठेवल्यावर मी विचारलं, "काय म्हणत होती?"

"तिची गाय व्यायली."

"तुम्हाला कसं कळलं?"

"कशी हसत व्हती, ऐकलं नाय? पोरगं पास झालं तर मानूस येगळा हसतो, गाय व्यायली तर येगळा." पुढे एकदा ऑफिसच्या दुभाष्याकडून खात्री करून घेतली, तर गाय खरोखरच व्यायली होती.

मी तेव्हा बिरवाडीत खोली घेऊन राहायचो आणि महाडच्या ऑफिसात काम करायचो. एक परदेशी संस्था आणि आमची कंपनी यांनी मिळून डोंगरातल्या वाड्यांना सौरपंप द्यायचं ठरवलं होतं. नंदावहिनींची वाडी कापडे गावाच्या वर, तीन बाजूंनी डोंगर असलेल्या खळग्यात. पावसाळ्यात तिथे पाण्यानं जीव नकोसा होतो आणि शिमगा सरला की त्याच बायका हंडे घेऊन खाली ओढ्यात उतरतात. निम्म्याहून जास्त घरांना कुलपं, माणसं मुंबईला. वहिनींचा नवराही तिकडेच, एका कँटीनमध्ये.

पंपाची देखभाल वाडीतल्याच बाईनं करावी, अशी परदेशी मंडळींची अट होती. कुणी तयार होईना, म्हणून वहिनी ते शिकायला गेल्या. गुजरातमधल्या त्या प्रशिक्षणाला देशोदेशीच्या बायका आल्या होत्या. हवाची आणि त्यांची खाट शेजारी शेजारी. वहिनी परत आल्यावर मी विचारलं, "काय आवडलं?" मला वाटलं, इन्व्हर्टर म्हणतील. त्या म्हणाल्या, "तिकडं सकाली उठलं की कलायचं, आज माज्या नावानं कोन बोंबलनार नाय. लगीन झाल्यापास्नं असं पयल्यांदाच, भावजी."

पंप सुरू झाला. ऊन जितकं कडक तितकं पाणी जास्त, हे गणित वाडीला भारी आवडलं. इकडे महाडात तर सोलरची लाटच आली होती. हायवेवरच्या हॉटेलांवर, गोदामांवर, बंगल्यांवर पत्रे दिसेनासे होऊन निळ्या काचा दिसू लागल्या. काल सिमेंट विकणारा आज सोलर विकत होता. आमचे साहेब प्रत्येक बैठकीत "मार्केट वाढतंय, दोन देशांच्या सहकार्याला केवढी संधी आहे" असं सांगत. परदेशी पाहुणे आले की त्यांना थेट वहिनींच्या वाडीवर नेत.

त्या सहकार्यातूनच वहिनींना बोलावणं आलं. टांझानियात, हवाच्याच भागात नवे पंप बसणार होते. तिथल्या बायकांना शिकवायला सहा महिने यायचं. वहिनींनी पासपोर्ट काढला. त्यासाठी त्या महाडला इतक्या नटून आल्या, की मी आधी ओळखलंच नाही. गेल्या आठवड्यात केसांना मेंदी लावली, असं त्यांनी न विचारता सांगितलं. इतकी आनंदात असलेली बाई मी फार थोड्या वेळा पाहिली आहे.

पण वाडीचा निर्णय वाडीत होत नाही. गावकीची बैठक शिमग्याला, मुंबईकर आले की. बैठकीत एकच प्रश्न निघाला, वैनी गेली तर पंप कोन बघनार? वहिनींचा नवरा खाली मान घालून सतरंजीचे दोरे उपटत बसला. शेवटी कुणीतरी म्हणालं, देवीला कौल लावा. गुरवानं मूर्तीच्या दोन्ही बाजूंना फुलं चिकटवली आणि गाऱ्हाणं घातलं. उजवीकडचं पडलं तर होकार. फूल पडलं, उजवीकडचं. वहिनींनी देवीपुढे डोकं टेकलं ते कितीतरी वेळ उचललंच नाही.

मी मनात म्हटलं, जिंकलो. मी शहरातला, मला गावकी काय कळणार!

वाडीच्या मुंबई मंडळाचे चिटणीस रामभाऊ उठले आणि अत्यंत गोड आवाजात म्हणाले, "देवीचा परमिशन हाय, मग कोन नाय बोलतंय? फक्त टायमिंग बघू. येवडा उन्हाळा जाऊ दे." झालं. उन्हाळा गेला, तर पावसात दरड येऊन रस्ता बंद. मग गणपती, घरात सुवाशीण नको का? मग भातकापणी. कुणी एकदाही नाही म्हणालं नाही. नाही म्हटलं असतं, तर वहिनी भांडल्या असत्या, भांडणात त्या कुणाला ऐकणाऱ्या नव्हत्या. पण होकाराशी भांडायचं कसं?

त्यांनी दुसरी वाट काढून पाहिली. जावेला पंप शिकवला. ती जरा तयार झाली, तर दीर तिला मुंबईला घेऊन गेला. शेजारच्या सुनेला शिकवलं, तिला त्या जोरावर एमआयडीसीत काम लागलं आणि तिनं बिरवाडीत खोली केली. "जिला शिकवीन तिला पाय फुटतात," वहिनी म्हणाल्या. "मी तेवढी खुंट्याला बांधलेली." मी म्हटलं, चिडा तरी जरा त्यांच्यावर! तर म्हणाल्या, "कोनावर चिडू? आपलेच दात, आपलेच ओठ. त्यांची म्हातारी मान्सं माज्या टाकीचं पानी पितात."

बोलावण्याची मुदत संपली. मग आमच्या साहेबांनी तोड काढली: वहिनी जात नाहीत, तर त्या बायकांनाच इकडे आणा. त्याचा केवढा गवगवा झाला! हवा आणि तिच्या मैत्रिणी पंधरवडाभर वाडीत राहिल्या. हवानं नाचणीचं पीठ चिमटीत घेतलं, हुंगलं आणि आनंदानं ओरडली. त्यांच्याकडेही ती पिकते म्हणे. वहिनी त्यांना पॅनल पुसण्यापासून वायरी जोडण्यापर्यंत सगळं मराठीतून शिकवत होत्या आणि त्या शिकतही होत्या. संध्याकाळी वहिनी आणि हवा जोत्यावर बसून एकमेकींचे केस विंचरायच्या. त्या दिवसांत वाडीत आलेल्या कुणालाही वाटलं असतं, या बाईसारखी सुखी तीच.

निघायच्या दिवशी खालच्या रस्त्यापर्यंत वहिनी पोचवायला आल्या. हवा रडली, वहिनी रडल्या नाहीत. गाडी पोलादपूरच्या दिशेनं गेली. माझीही नोकरी त्याच महिन्यात संपत होती, जाताना काहीतरी चांगलं बोलावं म्हणून मी म्हणालो, "वहिनी, तुम्ही गेला नाहीत तरी बघा, जग तुमच्या दारात आलं."

त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

"दारात येतो तो पावना, भावजी. पावन्यांचं करन्यातच जलम गेला माजा. मला येकदा कोनाची तरी पावनी व्हायचं व्हतं."