परबमामांचा डाळिंबाचा अर्क

परबमामांचा अर्क बिघडला, असं मी चारचौघांत सांगितलं. ते खोटं होतं.

परळच्या आमच्या कॉलेजात मामा रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. घर लालबागला, बोलणं मालवणी. आम्लात पोलादाची पट्टी सोडली की ते काचपात्राजवळ कान नेत. आम्ल पट्टी खाऊ लागलं की बारीक फसफस ऐकू येई. "पट्टी बोलता हा," मामा म्हणत. त्यात डाळिंबाच्या सालीचा अर्क घातला की पोलादावर त्याचा पातळ थर बसे आणि फसफस मंदावे. "आता कशी गप बसली बाय!"

माझं संशोधन याच अर्कावर. साली मात्र मामा आणत, नाक्यावरच्या रसवाल्याकडून, आणि गच्चीवर सावलीत वाळवत. मी एकदा ओव्हन सुचवला, तर म्हणाले, "घाई तुमका आसा, सर. सालीक नाय."

एकदा एका कारखान्याचे लोक प्रयोग बघायला आले. आम्लाने गंज काढताना खालचं पोलाद झिजू नये, एवढंच त्यांना हवं होतं. बोलण्याच्या भरात मी अर्क घालायलाच विसरलो. मागून मामा पुटपुटले, "सर, पट्टी बोलता हा." मी हातानेच त्यांना थांबवलं. काही तासांनी पट्टी काढली, तर काळी आणि खरबरीत. विभागप्रमुख मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "साल नीट वाळली नसेल. अर्क मामा करतात."

पाहुणे गेल्यावर मामा जवळ आले. हातात अर्काची काठोकाठ भरलेली बाटली. "सर, ही फ्रिजात ठेवू?"

"ठेवा," मी म्हणालो.

मॅडमनी त्यांच्याकडून अर्काचं काम काढून घेतलं. पुढे दोन वर्षं मामांनी नुसतं काचसामान धुतलं. मला चहा मात्र रोज विचारला.

निवृत्तीच्या आठवड्यात ते म्हणाले, "सर, जाण्याआधी एकदा अर्क करूचो होतो. मॅडमांका इचारशात?"

"मामा, त्या दिवशी मी..."

"माका म्हायत आसा. मॅडमांका सांगा."

मी त्यांना घेऊनच मॅडमच्या खोलीत गेलो. "मॅडम, त्या दिवशी अर्क चांगला होता. मी तो घातलाच नव्हता, आणि दोष मामांवर ढकलला." मग मी मामांकडे वळलो. "मामा, तुमचं काम माझ्यामुळे गेलं. मला माफ करा."