साइट एकोणीसवरचे सहा हिवाळे

अनंतमामा फेब्रुवारीच्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी गेला. टेक्सासच्या किनाऱ्यावर, कॉर्पस क्रिस्टीपासून तासाभराच्या अंतरावर एक आरव्ही पार्क आहे, मोटारहोम म्हणजे घरासारख्या गाड्या उभ्या करून राहण्याची जागा. तिथल्या साइट एकोणीसवर, म्हणजे त्या नंबरच्या जागेवर, तो आणि सुनंदामामी सलग सहावा हिवाळा काढत होते. वय चौऱ्याहत्तर, हृदयविकाराचा झटका. सात वाजता चहा झाला, पावणेआठला तो गाडीबाहेरच्या खुर्चीत कलंडलेला मामीला दिसला, नऊ मिनिटांत अँब्युलन्स आली. मला शुगर लँडला, माझ्या घरी फोन आला तेव्हा साडेआठ वाजले होते. मामी म्हणाली, "मामा गेले गं. तू ये, पण सावकाश ये. घाईत गाडी चालवू नकोस." मी सव्वाबाराला पोचले.

मामा माझ्या आईचा धाकटा भाऊ. मूळचा नागपूरचा, मेकॅनिकल इंजिनिअर. नोकरीची सगळी वर्षं मिनेसोटात गेली, घर ईडन प्रेरीला. निवृत्त झाल्यावर वर्षभरात त्याने सत्तावीस फुटी मोटारहोम घेतली. पुढे ड्रायव्हरची सीट, मागे पलंग, मधे शेगडी, बेसिन आणि चार माणसं दाटीवाटीने बसतील एवढं टेबल. नोव्हेंबरात निघायचं, मार्चअखेर परतायचं. नातेवाइकांमध्ये याला 'अनंताचं खूळ' म्हणत, आणि मीही अनेक वर्षं तसंच सांगत आले. ती माहिती चुकीची होती. कल्पना मामीची होती. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच जानेवारीत ती घरासमोरच्या बर्फावर घसरली आणि तिचं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं त्या दिवशी तिने जाहीर केलं की पुढचा हिवाळा ती इथे काढणार नाही. मामा म्हणाला, फ्लोरिडात छोटं घर बघू. मामी म्हणाली, "दुसरं घर नको. एका घराच्या फरशा पुसून झाल्या. मला असं घर द्या, जे दहा मिनिटांत झाडून होतं."

पहिल्या वर्षीची एक गोष्ट दोघंही सांगत, पण वेगवेगळी. मिनेसोटाच्या थंडीत गाडीतल्या नळांमधलं पाणी गोठून पाइप फुटू नयेत म्हणून त्यात एक गुलाबी द्रव भरून ठेवतात. तो विषारी नसतो. पण उबदार ठिकाणी पोचलं की नळ सोडून तो काढून टाकायचा असतो. मामाने निघण्याआधी तो नियमाप्रमाणे भरला. टेक्सासला पोचल्यावर काढायला विसरला. मामीने नव्या स्वयंपाकघरातला पहिला चहा टाकला, शेजारपाजारच्या चार जणांना बोलावलं, आणि सगळ्यांनी तो मुकाट्याने प्यायला. भारतातला चहा असाच गोड आणि गुलाबीसर असतो असं त्यांना वाटलं. मामाच्या मते चूक पाणी न तपासणारीची होती. मामीच्या मते, "अडतीस वर्षं पाइपांचीच नोकरी केली यांनी. मी काय तपासणार?" शेजारची ज्यूडी त्या चौघांतली एक. आयोवातली, तीस वर्षं स्कूल बस चालवून निवृत्त झालेली. तिने दुसरा कपही मागून घेतला होता.

मी दर हिवाळ्यात दोनतीनदा शनिवार-रविवार तिथे जात असे. मामाचा दिवस ठरलेला होता. चहानंतर खाडीवरच्या लाकडी धक्क्यावर जायचं. तिथे सकाळी दहाबारा निवृत्त माणसं गळ टाकून बसत. मामा शाकाहारी, त्याच्याकडे गळ नव्हता, परवानाही नव्हता. तो नुसता त्यांच्यात बसे. पहिल्या महिन्यात त्यांनी त्याला गळ देऊ केला, दुसऱ्या महिन्यात विचारणं सोडलं, आणि पुढे त्याची बाकावरची जागा ठरून गेली. समुद्र त्याने पहिल्यांदा पाहिला तो वयाच्या एकविसाव्या वर्षी. पेलिकन पक्षी मासे पकडायला पाण्यात सूर मारतात तेव्हा डोळे मिटतात की उघडे ठेवतात, यावर तो धक्क्यावरच्या लोकांशी तीन हिवाळे वाद घालत होता. मामी दुपारी क्लबहाउसमध्ये. दोन वाजता डॉमिनोज, म्हणजे ठिपक्यांच्या सोंगट्यांचा खेळ; बुधवारी सगळ्यांनी एकेक पदार्थ आणून एकत्र जेवण. तिच्या मुगाच्या खिचडीचं भांडं दर बुधवारी रिकामं परत येई. संध्याकाळी दोघं गाडीबाहेर खुर्च्या टाकून बसत.

तिसऱ्या हिवाळ्यानंतर मामाच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट घातला. त्यानंतर त्याने एकच हट्ट धरला... मामीने ही गाडी चालवायला शिकायचं. तिची छोटी गाडी ती पस्तीस वर्षं चालवत होती, पण मोटारहोमच्या ड्रायव्हर सीटवर कधी बसली नव्हती.

"मला काय गरज? तुम्ही आहात ना?"

"आहे तोवरच शिकवणार. नंतर कोण शिकवेल?"

शिकवणी सुरू झाली ती एका चर्चच्या रिकाम्या पार्किंगमध्ये. त्यातली एक मी पाहिली आहे. मामा गाडीच्या मागे उभा राहून हातवारे करत होता, मामी रिव्हर्स घेत होती.

"डावीकडे! सुनंदा, डावीकडे! अगं, माझ्या डावीकडे!"

मामीने गाडी थांबवली, इंजिन बंद केलं आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "तुम्ही आधी ठरवा मला काय शिकवायचं आहे. गाडी की तुमच्या डोक्यातल्या दिशा?"

तिसऱ्या दिवशी मामा ज्यूडीकडे गेला. तिला तो इंग्रजीत जे म्हणाला ते त्याने मला मराठीत सांगितलं: "म्हटलं, हिला तू शिकव. मी शिकवलं तर आमचा घटस्फोट होईल, आणि या वयात वकील शोधायचा मला कंटाळा येतो." ज्यूडीने पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या दोन खुर्च्या ठेवल्या आणि मामीला त्यांच्या मधून मागे जायला लावलं. मान वळवायची नाही, फक्त आरसे बघायचे. पहिल्या आठवड्यात तीन खुर्च्या मोडल्या. दुसऱ्या आठवड्यात एकही नाही. शिकवणीच्या वेळी मामा मुद्दाम धक्क्यावर जाऊन बसे. गेल्या वर्षीपासून मामी पार्कपासून गावातल्या दुकानापर्यंत गाडी नेत होती. हायवेवर ती गेलेली नव्हती.

निखिल, त्यांचा एकुलता मुलगा, दूर पूर्वेकडच्या कॅरी गावात असतो. औषधांच्या कंपनीत नोकरी, वाढला सगळा अमेरिकेत. तो मंगळवारी संध्याकाळी पोचला. गुरुवारी अंत्यसंस्कार झाले. पार्कमधले चाळीसेक लोक आले, धक्क्यावरची सगळी माणसं इस्त्रीचे शर्ट घालून. शनिवारी निखिलने विषय काढला. पार्कमधलंच एक जोडपं गाडी विकत घ्यायला तयार होतं. त्याने कॅरीतल्या घरी आईसाठी खालची खोली आधीच रिकामी करायला सांगितली होती.

"आई, प्रॅक्टिकली बघ. बाबा होते तेव्हा ठीक होतं. तू एकटी, एवढी मोठी गाडी... आय कान्ट स्लीप, यार."

"गाडी विकलीस तर नोव्हेंबरात मी कुठे जायचं?"

"माझ्याकडे. कॅरीत एवढा स्नो नसतो."

"तुझ्याकडे दुपारी दोन ते सहा मी काय करायचं ते सांग. तू ऑफिसात, मुलं शाळेत, बायको ऑफिसात. इथे दोनला डॉमिनोज असतं."

निखिल हसला नाही. म्हणाला, "तू हायवेवर कधी चालवलीच नाहीस."

"तू मला ही गाडी चालवताना कधी पाहिलंयस?"

"नाही."

"मग मार्चअखेर ये. शेजारी बस. ईडन प्रेरीपर्यंत मी नेली तर विकायची नाही. नाही नेता आली तर तिथेच रस्त्यात वीक, मी बोलणार नाही."

ज्यूडी तिथेच होती. तिला मराठीचं एक अक्षर येत नाही. मामीने तिला इंग्रजीत अट सांगितली तशी ती निखिलला म्हणाली, तू उजव्या सीटवर बसून ब्रेक मारायचा नाहीस. तिथे ब्रेक नसतो, पण सगळे मारतात.

मामी मार्चअखेरपर्यंत पार्कमध्येच राहिली. मी तीनदा जाऊन आले. पहिल्या खेपेला तिला रात्री झोप लागत नव्हती आणि ती जेवणही दोघांचं करत होती; उरलेलं ज्यूडी नेत असे. दुसऱ्या खेपेला तिने मला सकाळी धक्क्यावर नेलं. बाकावर मामाची जागा मोकळी होती. लोक दोन्ही बाजूंनी सरकून बसले होते. तिला बसायला सांगितलं, ती बसली. एका म्हाताऱ्याने तिला सांगितलं की पेलिकनचं अजून नक्की झालेलं नाही. मामी म्हणाली, "हे मिटलेले म्हणायचे. मला उघडे वाटतात."

निखिल ठरल्याप्रमाणे आला. शनिवारी सकाळी दोघं निघाले. मामी चालवत होती, दिवसाला चार तासांहून जास्त नाही. रोज मुक्कामाला पोचल्यावर निखिल मला मेसेज करत असे. पहिल्या दिवशीचा मेसेज एवढाच होता: माझा पाय दुखतोय. सोमवारी ओक्लाहोमात शिरताच आडवा वारा सुटला. हायवेलगतच्या पहिल्याच थांब्यात, रेस्ट एरियात, मामीने गाडी वळवली आणि किल्ली खिशात टाकली. निखिल म्हणाला, मी चालवतो, तासाभराचा तर प्रश्न आहे. मामीने नकार दिला. दोघं दिवसभर तिथे थांबले, मामीने भात-पिठलं केलं, संध्याकाळी पत्ते खेळले. त्या रात्री निखिलने फोन केला. म्हणाला, "बाबा असते ना, तर त्यांनी या वाऱ्यात चालवली असती." मग म्हणाला, "आई बरोबर होती."

शुक्रवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी गाडी ईडन प्रेरीला पोचली. घरासमोर ती मामीने रिव्हर्समध्ये लावली, दुसऱ्या प्रयत्नात. रविवारी निखिल विमानाने कॅरीला परतला. गाडी विकलेली नाही. साइट एकोणीसचं नोव्हेंबरपासूनचं बुकिंग मामीच्या नावावर आहे. व्यक्ती एक, वाहन एक. पार्कच्या ऑफिसने मला हे काल फोनवर सांगितलं.