उसने कान

पिपलानीत, कारखान्याच्या वसाहतीत, आमच्या लायनीच्या टोकाच्या क्वार्टरमध्ये एक रिटायर्ड गृहस्थ राहायचे. फाटकाशी उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याचे कान उसने मागायचे. दूधवाला, पोस्टमन, जो तावडीत सापडेल त्याच्या डोक्यावर हेडफोन. एकदा मी सापडलो.

"सुनो, कान अच्छे हैं तुम्हारे?"

"आहेत की, काका."

"मराठी! मग तर आतच ये."

आत कॉम्प्युटरचं पोट उघडं पडलं होतं. एम. पी. नगरच्या बाजारातून आणलेलं नवं कोरं साउंड कार्ड त्यांनी कंपनीवर भरवसा नाही म्हणून खोललं होतं आणि त्यातले कपॅसिटर बदलले होते. अर्थिंगची तार थेट मोरीच्या नळाला बांधलेली. पंखा बंद, ट्यूबलाइट बंद, फ्रिजही बंद. दूध नासलं तरी चालेल, हेडफोनमध्ये गुणगुण नको.

मी हेडफोन चढवले. गाणंबिणं काही नव्हतं, नुसती शांतता ऐकायची होती.

"नाही बुवा गुणगुण," हेडफोन काढत मी म्हणालो. "एकदम साफ."

"दूधवालाही हेच म्हणाला. खोटारडे लेकाचे! अख्खी नोकरी टर्बाइनशेजारी काढलीय मी. मला गुणगुण कळत नाही होय?"

स्वयंपाकघरातून काकू ओरडल्या, "कार्डं कसली बदलताय? आधी कान दाखवा डॉक्टरला!"

काकांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. "काही म्हणाली का ती?"

"फ्रिज लावू का विचारतायत," मी त्यांच्या कानाशी जाऊन ओरडलो.

"मुळीच नाही!" ते उठून चपला शोधू लागले. "चल, आता शेजाऱ्यांचा बंद करून येऊ."