लाल गाडीची डावी बाजू

हे मी सुनंदालाही सांगितलेलं नाही. बायको आहे ती माझी, माझ्या डोक्यात काय शिजतंय ते तिला माझ्याआधी कळतं. पण हे नाही कळलं. किंवा कळलं असेल आणि ती गप्प बसली असेल. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय. भित्रा माणूस असाच सांगतो ना — जिथे सांगून काही बिघडत नाही तिथे?

मी पुण्याचा, तांबट. आमच्या घरी मठारकाम चालायचं. तांब्याच्या भांड्यावर हातोडीने ठोके पाडत जायचं, सगळे एकसारखे, बोट फिरवलं तर कुठे अडकता कामा नये. एखादा ठोका वाकडा पडला की वडील भांडं पालथं घालून उठून जायचे. पुढे भांड्यांचा धंदा बसला, मी गाड्यांच्या पत्र्याकडे वळलो, आणि त्याच हाताच्या जोरावर इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमजवळच्या एका वर्कशॉपमध्ये आलो. तिथे जुन्या रेसिंगच्या गाड्या रिस्टोअर करतात.

मला तिथे आणलं मिलिंदने. मिलिंद नागपूरचा. आयटीआय केलेला, मोठ्या कारखान्यात काम शिकलेला, माझ्याआधी तिथे लागलेला. आमची ओळख एका जुन्या नोकरीतली. त्याने ग्रॅहमला, म्हणजे मालकाला, सांगितलं की पुण्यात एक माणूस आहे, त्याचा हात एकदा बघा. मी आलो तेव्हा त्याच्याच घरी राहिलो. त्याची मुलगी यशू तेव्हा लहान होती, तिची खोली त्यांनी मला दिली. आम्हा दोघांचाही व्हिसा वर्कशॉपवर टांगलेला. नोकरी गेली की देश सोडायचा, हे दोघांनाही पाठ होतं.

मग ती गाडी आली. इटलीतल्या एका कंपनीची, अगदी सुरुवातीच्या काळातली. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही. आज त्या नावाला लोक हात जोडतात, पण तेव्हा काय होतं हो? दुसरं महायुद्ध नुकतंच संपलेलं, पत्रा मिळायची मारामार, आणि कंपनीच्या मालकाला इंजिनाशिवाय कशात रस नाही. इंजिन आणि चॅसिस तयार झाली की ती जवळच्या पत्रेवाल्यांकडे जायची. ते भिंतीवर खडूने गाडी काढायचे, तारा वाकवून सांगाडा करायचे, ॲल्युमिनियमचा पत्रा झाडाच्या ओंडक्यावर आणि वाळूच्या पिशवीवर ठोकून त्यावर बसवायचे. सगळं नजरेने. रविवारी शर्यत असली तर शनिवारी रंग ओलाच असायचा. डावी बाजू एकाने ठोकलेली, उजवी दुसऱ्याने. दोन्ही सारख्या आहेत का हे बघायला सवड कुणाला होती?

म्हणून त्या गाड्या वाकड्या असतात. आणि त्या वाकडेपणातच त्यांचा जीव असतो. ग्रॅहमने पहिल्याच दिवशी बजावलं होतं — फाटलं असेल तेवढंच सांधायचं, त्या माणसांचा हात पुसायचा नाही. मला हे इतकं पटलं होतं की नव्या लोकांना मीच त्यावर प्रवचन द्यायचो.

ही लाल गाडी एका म्हाताऱ्या बाईंची. त्यांचे वडील ती शर्यतीत चालवायचे. पुढच्या डाव्या विंगला, म्हणजे आपल्याकडच्या मडगार्डला, उजवीपेक्षा दोन बोटं जास्त फुगवटा होता. बाई गाडी सोडायला आल्या तेव्हा त्यांनी तिथे तळहात ठेवला आणि म्हणाल्या, लहानपणी मी इथेच टेकून उभी राहायचे. मी ऐकलं ते. माझ्या कानांनी ऐकलं.

माझं काम गाडीच्या मागच्या बाजूला होतं. पुढचं बॉनेट मिलिंदकडे. ते डाव्या विंगपाशी नीट बसत नाही म्हणून तो शुक्रवारी सगळ्यांदेखत कुरकुरला होता. पण त्याने विंगला हात लावला नाही. लावला मी.

शनिवारी मी एकटाच कामावर होतो. दुपारी मिलिंद आला, सुनंदा तेव्हा भारतात होती म्हणून माझ्यासाठी डबा घेऊन, आणि पाच मिनिटांत गेला. मी जेवलो. आणि जेवताना तो फुगवटा माझ्यासमोर होता. रंग काढलेला, उघडा पत्रा, आणि त्यावर ते वेडेवाकडे ठोके. कसं सांगू तुम्हाला? अंगाला खाज सुटावी तसं झालं. काय हे काम, म्हटलं. याला हातोडी धरायला कुणी शिकवली? थोडंसंच, फक्त कड, म्हणून सुरू केलं — आणि मग थांबलोच नाही. पत्रा तापवून मऊ केला, ठोकला, घासला. संध्याकाळी दोन्ही विंग आरशातल्यासारख्या सारख्या झाल्या. मी खूश होतो. ही लाजेची गोष्ट आहे, पण खरी आहे — मी शीळ घालत घरी गेलो.

सोमवारी सकाळी, काम सुरू व्हायच्या आतच, बाई इटलीहून आलेल्या एका जाणकार गृहस्थांना घेऊन आल्या. ते जुने फोटो बघत, गाडीवरून हात फिरवत पुढे आले आणि डाव्या विंगपाशी थांबले. पुन्हा हात फिरवला. मग बाईंकडे बघितलं. बाईंनी तळहात ठेवला, काढला, आणि स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, ही माझ्या वडिलांची गाडी नाही.

गाडी त्याच दिवशी परत नेली. वर्कशॉपचं नाव धुळीला मिळालं. ज्याने हे केलं तो इथे राहणार नाही, ग्रॅहमने सगळ्यांसमोर सांगितलं.

मग त्याने मला ऑफिसात बोलावलं. दार लावून. माझ्यावर संशय म्हणून नाही — माझ्यावर भरवसा म्हणून. प्रवचन देणारा मीच ना? शनिवारी तुझ्याशिवाय कोण होतं इथे, त्याने विचारलं. आणि मी म्हणालो —

मी म्हणालो, मिलिंद आला होता.

खोटं होतं का ते? नव्हतं. शब्दाला शब्द खरं. ग्रॅहम म्हणाला, त्याने विंगला हात लावला? इथे मी गप्प बसलो असतो तरी एक वेळ कमी पाप झालं असतं. पण नाही. मी म्हणालो, बॉनेट बसत नव्हतं त्याचं. आणि वर हेही म्हणालो की तो कारखान्यात शिकलाय, त्याला सगळं सरळ लागतं, जुन्या कामाचा हात घरातून यावा लागतो.

घरातून. कुणाच्या घरातून? मिलिंदच्या घरात बाबासाहेबांचा फोटो, माझ्या घरात सात पिढ्यांची हातोडी. जात हा शब्द मी उच्चारला नाही, ग्रॅहमला तो कळलाही नसता. पण बोलताना माझ्या डोक्यात तोच होता, आणि त्यामुळे ते वाक्य इतक्या सहज आलं. तेव्हा सुनंदाला दिवस गेले होते, घरी कुणी आजारी होतं, असं सांगून मला तुमची दया मिळवता आली असती. तसं काहीही नव्हतं. मला फक्त इथे राहायचं होतं.

मिलिंदने सांगितलं की तो फक्त डबा द्यायला आला होता. ग्रॅहमला ते बहाणा वाटलं. संध्याकाळी मिलिंद माझ्याकडे आला, कार पार्कमध्ये, थंडीत. त्याला माझा संशयही आला नव्हता. म्हणाला, "तू दिवसभर होता ना तिथं. सांग ना बे त्याला. तुझं ऐकते तो."

मी म्हणालो, "सांगितलं रे. खूप सांगितलं. नाही ऐकत."

त्याने माझा हात हातात घेतला. "तू बोलला, बस झालं," म्हणाला.

व्हिसाच्या मुदतीत दुसरं काम मिळालं नाही. यशूची शाळा अर्ध्यात सुटली. त्यांना एअरपोर्टवर सोडायला मीच गाडी घेऊन गेलो. नागपूरला तो आता विम्याच्या कंपनीसाठी ठोकलेल्या गाड्या तपासतो. हातोडी त्याने पुन्हा धरली नाही. दर भीमजयंतीला मला फोन करतो.

यंदा यशू इथल्या युनिव्हर्सिटीत आली. होस्टेल मिळेपर्यंत आमच्याकडेच राहतेय. मिलिंदच म्हणाला, तिथं आपला माणूस आहे, काळजी कायले करायची? काल जेवताना तिने विचारलं, "काका, बाबा सांगतात त्या वेळी फक्त तुम्ही त्यांच्या बाजूने बोललात. नक्की काय बोलला होतात?"

सुनंदा पोळ्या लाटत होती. तिनेही वळून बघितलं.

काय करायला हवं होतं ते मला माहीत होतं. तुम्हालाही माहीत आहे. मी घास गिळला आणि वाक्य रचलं. मी म्हणालो, "मी त्याला सांगितलं, ग्रॅहम, या वर्कशॉपमध्ये एक माणूस असा आहे की जो खोटं बोलणार नाही, आणि तो मिलिंद आहे."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने तिथेच ताटावरून वडिलांना फोन लावला, स्पीकरवर टाकला, आणि माझं वाक्य जसंच्या तसं त्यांना ऐकवलं. पलीकडे मिलिंद रडायला लागला. इतक्या वर्षांत मी त्याला रडताना कधी ऐकलं नव्हतं, तो जातानाही रडला नव्हता.

फोन ठेवून यशूने माझ्या ताटात गरम पोळी वाढली. मी ती खाल्ली.