सामंत सर दार उघडायचे

सरांच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी ड्यूटीच्या गाडीत होते आणि गाडी घोडबंदर रोडला, नेहमीसारखी, जागच्या जागी उभी होती. "ताई, बाबा गेले. दुपारी जेवून पडले ते उठलेच नाहीत." मी नुसती समोरच्या टँकरकडे बघत बसले... मग ऑफिसला कळवलं, आज मी विमान उडवू शकत नाही, दुसरं कुणीतरी बघा. तिथेच उतरले आणि रिक्षा करून डोंबिवली गाठली. डोकं ठिकाणावर नसेल त्या दिवशी विमानाला हात लावायचा नाही, हे मला सामंत सरांनीच शिकवलेलं. त्या दिवशी गेले असते तर सरांनी मला सोडलं नसतं.

कॅप्टन सामंतांना आमच्या कंपनीत सगळेच टरकून असत. मी को-पायलट म्हणून पहिल्यांदा त्यांच्या शेजारी बसले तेव्हा त्यांनी मराठीत विचारलं, "कुठे राहता?" म्हटलं, ठाण्याला. "ठाण्यात कुठे? ठाणं काय आता एवढंसं राहिलंय?" झालं, तिथून आमचं जमलं. बाकीचे कॅप्टन एअरपोर्टजवळ फ्लॅट घेऊन मोकळे झाले, हे मात्र डोंबिवलीच्या बिनलिफ्टच्या तिसऱ्या मजल्यावरच. का, तर म्हणे आमची मासळीवाली इथली आहे, ती काही शिफ्ट होणार नाही.

विमानात एक यंत्र असतं. दुसरं विमान फार जवळ येतंय, टक्कर होईल असं वाटलं की ते बोलतं, वर घ्या किंवा खाली घ्या. ते बोललं की वाद घालायचा नाही, टॉवर काहीही सांगत असला तरी. पण हे यंत्र कधी कधी फसतं. खाली हँगरमध्ये कुणीतरी उपकरणाची चाचणी घेत असतं, त्याचे संकेत वर पोचतात आणि रिकाम्या आकाशात यंत्राला विमान दिसतं. एका विमानतळाजवळ मध्यंतरी हे फारच व्हायला लागलं. उतरता उतरता वर घ्यायचं, पुन्हा चक्कर मारायची, उशीर व्हायचा, प्रवाशांची बोलणी खायची. सगळे वैतागलेले. यंत्र येडं झालंय, लक्ष देऊ नका, असं लोक उघड बोलायचे. सर मात्र दर वेळी निमूट वर घ्यायचे. धोका टळल्याचं यंत्राने सांगितलं की चहूकडे एक नजर टाकून म्हणायचे, "कोणी नाही? बरं झालं." मला हसू यायचं.

मग एकदा सर शेजारी होते आणि विमान माझ्या हातात होतं. लख्ख ऊन, समोर चिटपाखरू नाही, आणि यंत्र म्हणालं, वर. मी शिकवल्याप्रमाणे वर घेतलं. मागे रेश्मा, आमची एअर होस्टेस, ट्रॉली जागेवर लावत होती. ती पडली, मनगट मोडलं. इशारा खोटा निघाला. चौकशी लागली आणि माझं कॅप्टनपदाचं ट्रेनिंग थांबवलं. इतकी वर्षं ज्यासाठी घासलेली, तेच.

मी रडतच सरांच्या घरी गेले. म्हटलं, "सर, बास झालं. यापुढे आधी बाहेर बघणार. कोणी दिसलं तरच वर घेणार." तेवढ्यात बेल वाजली. काकू आतून म्हणाल्या, "अहो, बसा. समोरच्यांची आहे." त्यांची बेल बिनवायरची, समोरच्यांचीही तसलीच, त्यांचं बटण दाबलं की ह्यांच्याकडे वाजायची. काकू वर्षानुवर्षं कावलेल्या. सर गुडघा धरत उठले, दार उघडलं, जिन्यात डोकावले, परत आले. "कोणी नाही. बरं झालं." आणि बसता बसता मला म्हणाले, "इशारा खोटा होता हे तुला कधी कळलं?"

"वर घेतल्यावर."

"मग आधी कसं कळणार होतं? बाहेर बघण्यात दोन सेकंद घालवशील. ज्या दिवशी खरं असेल त्या दिवशी ते दोन सेकंद कुठून आणशील?" मग म्हणाले, "आणि रेश्माला भेटलीस का? आधी तिला भेट. हात तिचा मोडलाय, तुझा नाही." तेवढ्यात काकूंनी माझ्यापुढे घावने ठेवले, म्हणाल्या, "झालं ना बोलून? आता पोरीला खाऊ द्या."

चौकशीत सर एवढंच म्हणाले, "मी शेजारी होतो. तिने घेतलं नसतं तर मी घेतलं असतं." ट्रेनिंग पुन्हा सुरू झालं. मी कॅप्टन झाले. त्यानंतरही मला असे इशारे आले, आणि सांगू का, एकही खरा निघाला नाही. लोकांना वाटतं, शेवटी एकदा तरी खरं विमान यायला हवं. नाही आलं. मी दर वेळी वर घेतलं, आणि मागे बसलेली माणसं चहा सांडला म्हणून मला नावं ठेवत सुखरूप घरी गेली. सर, हे तुमच्यामुळे. तुमच्या तोंडावर बोलायची माझी हिंमत नव्हती, म्हणून इथे लिहितेय.

परवा काकूंना भेटायला गेलेले. मुलाने नवी, वायरची बेल आणून ठेवलीये. खोका फ्रिजवर तसाच पडलेला. "बसवून देऊ का?" विचारलं तर म्हणाल्या, "राहू दे गं." आम्ही चहा घेत होतो आणि बेल वाजली. सवयीने मी म्हटलं, "काकू, बसा. समोरच्यांची असेल." काकू उठल्या. दार उघडलं, जिन्यात डोकावल्या.

"कोणी नाही," त्या म्हणाल्या आणि कडीवर हात ठेवून तशाच उभ्या राहिल्या... दार लावेचनात. मला जरा उशिराच उमगलं, त्या कशासाठी थांबल्यात ते.

"बरं झालं, काकू," मी म्हटलं.

मग त्यांनी दार लावलं.