एकोणिसाव्या अंकावरचं नाव

खुर्शिदा लग्न होऊन नसरापूरला आली तेव्हा तिच्याबरोबर दोन पत्र्याच्या पेट्या आल्या. एकीत कपडे आणि भांडी. दुसरी इतकी जड, की जीपमधून उतरवताना दोघा बाप्यांना घाम फुटला. सासूला वाटलं, सुनेच्या बापानं तांब्या-पितळेचं बरंच काही दिलेलं दिसतंय. दुसऱ्या दिवशी चार बायकांदेखत तिनं पेटी उघडायला लावली, तर आत निघाली पोराटोरांची चित्रकथांची पुस्तकं. एकावर एक, गच्च भरलेली.

"हे काय गं?" सासू म्हणाली.

"माजं हाय," खुर्शिदा म्हणाली. एवढंच. नव्या नवरीनं जास्त काय बोलावं?

तिचा बाप हनीफ भोरच्या बाजारपेठेत रद्दीचं दुकान चालवायचा. शाळा सुटली की खुर्शिदा दुकानात बसून रद्दी निवडायची. वर्तमानपत्रं एकीकडे, वह्या दुसरीकडे, मासिकं तिसरीकडे. मासिकांत चित्रकथा सापडली की तिचा हात थांबायचा. हनीफला वाचता जेमतेमच यायचं, पण पोरीचा थांबलेला हात त्याला कळायचा. त्यानं एक नेम घालून दिला होता. "हप्त्याला एक ठिव. समदीच ठिवलीस तर भेळवाला पुड्या कशात बांधंल?"

त्या एकापायी ती निवडायला शिकली. कव्हर शाबूत आहे का, मधली पानं आहेत का, आधीचा अंक आपल्याकडं आहे का, हे सगळं बघून ती एक ठेवायची आणि बाकीच्यांकडं पाठ करून बसायची, म्हणजे ती पुड्यांना जाताना दिसायला नकोत. तिचा सगळ्यांत लाडका होता मुखवटेवाला सर्जा. लाल मुखवटा, काळा घोडा आणि दर अंकाला एक नवा दुष्ट सावकार. लग्नापर्यंत पेटीत दोनशे बारा पुस्तकं जमली, त्यांतले एकतीस अंक सर्जाचे.

नसरापुरात तिनं शिवणक्लास काढला. नवरा वडापची, सीटमागं भाडं घेणारी, जीप चालवायचा, संसार बरा चालला. सासू पुढं इतकी निवळली, की दिवाळीच्या सुमाराला पुस्तकं उन्हात टाकायची वेळ आली की स्वतः अंगणात काठी घेऊन बसायची, कोंबड्या हाकलायला. पेटीत कडुनिंबाचा पाला घालायचा, दर वर्षी पुस्तकं उलटीपालटी करायची, हात धुतल्याशिवाय पुस्तकाला शिवायचं नाही. पंचवीस वर्षं हे असं चाललं. अशी पुस्तकं जमवणारं जगात आणखी कुणी असेल, हे काही तिच्या मनात आलं नव्हतं.

ते कळलं २००७ साली. तिची मुलगी गुलनाज भोरच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला लागली होती. तिला इंटरनेटवर जुन्या चित्रकथा जमवणाऱ्यांचा एक गट सापडला. तिनं आईच्या पेटीची यादी करून तिथं टाकली आणि तिसऱ्याच दिवशी उत्तर आलं. लिहिणारा माणूस मुंबईचा नाही, नागपूरचा नाही, निघाला जवळच्याच किकवीचा. पुढच्या रविवारी तो मोटरसायकलवरून दारात हजर.

कुंडलिक नाव. बँकेतून नुकताच निवृत्त झालेला, सडसडीत, खांद्याला लॅपटॉपची बॅग. चहा पुढं आला, तरी त्याची नजर पेटीवरच.

"ताई, सर्जाचे पहिले चाळीस अंक कुणाकडेच पुरे नाहीत," तो म्हणाला. "आम्ही सगळ्यांनी मिळून सव्वीस जमवलेत, सगळे स्कॅन केलेत. उरलेल्यांतले नऊ तुमच्याकडे आहेत. आणि एकोणिसावा तर आम्ही कुणी डोळ्यांनीसुद्धा बघितलेला नाही."

"मग बघा की. हात धुऊन या."

"बघायचं नाही, स्कॅन करायचंय. एकदा मशीनमध्ये गेलं की गेलं. मग कागद राहिला काय, नाही राहिला काय."

खुर्शिदाच्या कपाळाला आठ्या पडल्या. "असं कसं बोलता भाऊ? कागद न्हाई तर मग र्‍हायलं काय? टीवी बगितल्यागत बगायचं व्हय?"

कुंडलिकनं कप खाली ठेवला. त्याचीही एके काळी चारशे पुस्तकं होती, किकवीच्या घरी माळ्यावर. बदली झाली नांदेडला. तीन वर्षांनी परत येऊन माळ्यावर चढला, तर पुस्तकं होती तशी रांगेत उभी. "एकाला हात लावला ताई, आणि सगळी रांग बसली खाली. वाळवीनं आतून मातीच केली होती. वरचे कणे तेवढे सोडले होते." "तेव्हापासून कागदावरचा माझा विश्वास उडाला."

पेटीला कडुनिंब घालताना खुर्शिदाच्या मनात दर वर्षी वाळवीचंच भ्या असायचं. ती म्हणाली, "पुस्तक घराबाहेर जायाचं न्हाई. मशीन हितं आणा. पिना मी काडणार, मीच लावणार."

तसं ठरलं. मग पाच-सहा रविवार शिवणयंत्राशेजारच्या टेबलावर स्कॅनर मांडला गेला. खुर्शिदा सुईच्या टोकानं पिन अलगद सरळ करायची, जोडपान सुटं करायची, कुंडलिक ते काचेवर ठेवायचा. पंचवीस वर्षं शिवणात गेलेला हात, एकही पान फाटलं नाही. भांडण मात्र दर रविवारचं. तो म्हणायचा, एकाच वेळी हजार लोक वाचतील. ती म्हणायची, हजारांनी वाचून माज्या एकटीचं वाचणं थोडंच व्हतंय? मधेच वीज जायची. भारनियमनाचे दिवस होते ते, चार-चार तास वीज नसायची. स्कॅनर गप्प झाला की खुर्शिदा एक अंक घेऊन उंबऱ्यावर उजेडाला बसायची.

"गेला का तुमचा सर्जा अंधारात?" ती विचारायची. "माजा बगा, घोड्यावर बसलाय अजून."

पहिल्या दोन रविवारी कुंडलिक नुसता हसला. तिसऱ्या रविवारी हात धुऊन आला आणि शेजारी पायरीवर बसून त्यानं दहावा अंक मांडीवर घेतला. वीज आली तरी त्याच्या ध्यानात आलं नाही. गुलनाजनं दोनदा हाक मारली, तेव्हा तो उठला.

पण लॅपटॉपनंही खुर्शिदाला एकदा गप्प केलं. कुंडलिकनं एक चित्र मोठं करून दाखवलं. सावकाराच्या वाड्याच्या कौलावर, नखाएवढ्या जागेत, चित्रकारानं एक मांजर काढलं होतं. दुसरा अंक उघडला, तिथंही मांजर, बैलगाडीखाली. पंचवीस-तीस वर्षं ती पुस्तकं तिला तोंडपाठ होती आणि हे मांजर एकदाही दिसलं नव्हतं. त्या संध्याकाळी तिनं पेटीतले सगळे सर्जा काढून चष्मा लावून मांजरं शोधली. एकवीस सापडली.

एकोणिसावा अंक तिनं शेवटासाठी ठेवला होता. त्याच्या पहिल्या पानावर कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलं होतं: 'माऊली गेनू दारवटकर, इयत्ता चौथी, वेल्हे. हे पुस्तक जो चोरेल तो नापास होईल.' आत सावकाराला मिशा काढल्या होत्या. शेवटी वाट शोधायचं कोडं होतं, गुहेतून घोड्यापर्यंत. पेन्सिलीची रेघ दोनदा चुकून भिंतीला धडकली होती, मागं फिरली होती आणि तिसऱ्या खेपेला घोड्यापाशी पोचली होती.

"हे डाग मी साफ करतो," कुंडलिक म्हणाला. "कॉम्प्युटरवर पुसता येतात. पान अगदी छापलं तसं होईल."

"डाग न्हाईत ते," खुर्शिदा म्हणाली. "कुणातरी पोराचा हात हाय त्यो. र्‍हाऊ द्या."

"ताई, लोक सर्जा वाचायला येणार. हा माऊली कोण, कुणाला ठाऊक?"

"मला तरी कुटं ठावं हाय? पर मी त्याचं नाव पुसणार न्हाई. पुसायचं असंल तर अंक परत द्या."

कुंडलिक वैतागला, पण अंक होता तसाच गटावर टाकला. जुन्या मंडळींत त्याचा मोठा गाजावाजा झाला. दोघा-तिघांनी पेन्सिलीबद्दल नाकंही मुरडली.

महिना-दीड महिना गेला. एका दुपारी शिवणक्लास सुटल्यावर दारात एक बाई उभी होती. चाळिशी ओलांडलेली, पुण्याची वाटणारी, हातात पर्स घट्ट धरलेली.

"खुर्शिदाताई तुम्हीच का? मी मंगल. माझं माहेर वेल्ह्याचं. दारवटकर."

खुर्शिदानं तिला आत घेतलं. पाणी दिलं. मग मंगलनं सांगितलं. तिची मुलगी कॉलेजात होती, कॉम्प्युटरवर जुन्या चित्रकथा वाचायची. परवा मंगल चहाचा कप घेऊन तिच्या मागून गेली आणि पडद्यावर तिला ते अक्षर दिसलं. अंकाखाली खुर्शिदाचं नाव आणि गाव होतं.

"माझा थोरला भाऊ," ती म्हणाली. "वडील शाळेत शिपाई होते. शाळेच्या कामाला पुण्याला गेले की त्याला एक पुस्तक आणायचे. कावीळ झाली त्याला. चौथीची परीक्षा दिली आणि उन्हाळ्यात गेला. एकाहत्तर साली. मी सात वर्षांची होते. त्याचं काही बघितलं की आई चूल पेटवायची नाही, दोन-दोन दिवस. म्हणून वडिलांनी एका बाजाराच्या दिवशी सगळं रद्दीवाल्याला देऊन टाकलं. फोटो एकच आहे, शाळेतला. त्यात तो हललाय, तोंड पुसट आलंय."

वेल्ह्याच्या बाजाराला पोतं घेऊन जायचा तो रद्दीवाला खुर्शिदाचाच बाप. आणि ते पोतं दुकानात ओतलं तो दिवस तिला लख्ख आठवत होता. एकदम सहा सर्जा! ती तेव्हा दहा वर्षांची. अब्बांच्या मागं लागून त्या दिवशी तिनं एकाऐवजी दोन ठेवून घेतले होते आणि आनंदानं रस्त्यात नाचली होती. बाकीचे चार भेळेच्या पुड्यांना गेले. ठेवलेल्यांतला दुसरा कुठला, हे आता तिला सांगता आलं नसतं; त्याच्यावर नाव नव्हतं.

तिनं हे सगळं मंगलला सांगितलं. लपवावं असं क्षणभर वाटलं, पण सांगितलं. "म्या लई खूश झाले व्हते बाई त्या दिवशी," ती म्हणाली.

मंगलनं मान हलवली. "बरं झालं तुम्ही ठेवलंत."

खुर्शिदानं पेटी उघडली. अंक काढून मंगलच्या हातात दिला. मंगलनं नाव वाचलं नाही, ते तिनं पडद्यावर शंभरदा वाचलं असेल. तिनं पान उलटलं आणि मागच्या बाजूनं बोट फिरवलं. माऊली पेन्सिल दाबून लिहायचा. अक्षरं मागं उमटली होती, उलटी, बोटाला लागतील अशी. मंगल डोळे मिटून ती चाचपत राहिली.

खुर्शिदा मोरीत गेली आणि उगाचच हात धुऊन आली. सर्जाचा एकोणिसावा अंक. गटात म्हणत होते, कुणाकडंच नाही. तिची बाकीची दोनशे अकरा पुस्तकं एका पारड्यात आणि हे एक दुसऱ्यात, असं गेला महिनाभर तिला वाटत होतं. ती खाली बसली.

"घिऊन जा," ती म्हणाली.

"छे, छे! मी नुसती बघायला आले होते. तुम्ही एवढं जपलंत..."

"जपलं, खरं हाय. पर तुमच्या घरनं निघालेली चीज हाय ती. आता न्या. उन्हात टाकत जा वर्सातनं एकदा. कोंबड्या असतील तर ध्यान ठिवा."

"कोंबड्या नाहीत आमच्याकडे," मंगल म्हणाली. रडता रडता तिला हसू फुटलं.

पन्नास कळ्यांचा घागरा बेतताना कापडाची घडी जेवढ्या जपून घालावी, तेवढ्या जपून खुर्शिदानं अंक जुन्या मलमलीत गुंडाळला, वरून पिशवी घातली आणि मंगलला फाट्यापर्यंत एसटीला सोडून आली.

रविवारी कुंडलिकला कळलं. तो उभाच राहिला. "दिलात? एकच प्रत होती ताई! अख्ख्या महाराष्ट्रात एक!"

"तुमीच म्हनला व्हता की भाऊ. एकदा मशीनमंदी गेलं की कागद र्‍हायला काय, न्हाई र्‍हायला काय."

"म्हणालो होतो, पण..." त्यानं येरझाऱ्या घातल्या, पाणी प्यायला. मग खुर्चीत बसून हळूच म्हणाला, "मला एकदा पायरीवर बसून वाचायचा होता तो. राहूनच गेलं. स्कॅन करायच्या गडबडीत नीट वाचलाच नाही."

"मी तरी कुटं आता वाचणार?" खुर्शिदा म्हणाली. "पेटीत जागा रिकामी झालीया, तिकडं बगवत न्हाई. तुमच्या त्या डब्यात हाय न्हवं? दावा."

कुंडलिकनं लॅपटॉप उघडला. सुदैवानं वीज होती. गुलनाजनं आईला माऊस कसा धरायचा ते दाखवलं. पहिलं पान आलं, माऊलीचं नाव आलं, नापास व्हायची धमकी आली. खुर्शिदा चष्मा सावरून ओळन् ओळ वाचू लागली, जणू पहिल्यांदाच वाचतेय. पानाच्या शेवटाला आली आणि सवयीनं तिनं बोट जिभेला लावलं, पडद्याच्या कोपऱ्यावर ठेवलं. पान काही उलटेना.

गुलनाज खो खो हसली. "अम्मी, बोट पूस आदी. आन् हितं दाब."

कुंडलिक हसला नाही. त्यानं खिशातून रुमाल काढून पडदा पुसला आणि खुर्ची जरा पुढं ओढून घेतली, म्हणजे दोघांना मिळून वाचता येईल.